टेकडीची वनस्पती-वही : चित्र, ठसा, छायामुद्रा आणि गोधडी यांतून परिसरातील वनस्पतींची नोंद कशी करावी

पुण्याजवळ दापोडी येथे एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारची वनस्पती-बाग होती. तिचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासाठी १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने बागेतील व आसपासच्या वनस्पतींची जलरंगातील चित्रे काढली. ही सुमारे १७० चित्रे आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. बाग पुढे बंद झाली, पण चित्रांवरून आजही त्या वनस्पती ओळखता येतात. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. परिसरातील वनस्पतींची नोंद कलेच्या मार्गाने करू इच्छिणाऱ्याने या संग्रहाकडून दोन गोष्टी घ्याव्यात. लक्षपूर्वक केलेले चित्र दीडशे वर्षांनंतरही पुराव्याचे काम करते, आणि कागदावर जे लिहिले नाही ते कायमचे हरवते.

हा लेख पुण्याच्या टेकड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, तरी कोकणातील देवराई, विदर्भातील गावाचे शिवार किंवा शहरातील गृहसंकुलाचे आवार यांनाही हीच पद्धत लागू पडते. तिचा गाभा असा, की प्रत्येक कलातंत्राला वनस्पतीविषयी एखादीच गोष्ट उत्तम सांगता येते. घासठशातून शिरांची जाळी कळते, छायामुद्रेतून, म्हणजे उन्हात निळ्या होणाऱ्या कागदावर उमटलेल्या सावलीतून, बाह्यरेषा कळते, रेखाटनातून फुलाची रचना कळते, आणि वाळवलेला नमुना म्हणजे तर प्रत्यक्ष वनस्पतीच असते. म्हणून आधी प्रश्न ठरवावा आणि मग तंत्र निवडावे. सुंदर दिसते म्हणून तंत्र निवडले, तर हाती सजावट येते आणि नोंद राहून जाते.

जागा लहान घ्यावी

संपूर्ण टेकडी किंवा संपूर्ण गाव हाती घेऊ नये. रोजच्या चालण्यातील दोन-तीनशे मीटरांची एक पायवाट, एखाद्या ओढ्याचा काठ किंवा शाळेचे कुंपण एका वर्षासाठी पुरेसे असते. पुण्याच्या टेकडीवरील अशा एका तुकड्यात सालई, मोई, मेडशिंगी, हेंकळ यांसारखी मूळची झाडे-झुडपे भेटतात, वृक्षारोपणात लावलेले गिरीपुष्प भेटते, आणि पावसाळ्यात आषाढ आमरी, काळी मुसळी, तेरडा, सोनकी व नाना प्रकारची गवते उगवतात. गिरीपुष्प मूळचे मध्य अमेरिकेतील आणि गुलमोहर मादागास्करचा असला, तरी नोंदीतून त्यांना वगळू नये. कोणते झाड मूळचे आणि कोणते आणून लावलेले हे लिहावे, कारण आज टेकडीवर जे आहे ते सर्व नोंदवल्याशिवाय उद्या काय बदलले हे सांगता येणार नाही.

जागा ठरल्यावर तिचा हाताने काढलेला नकाशा वहीच्या पहिल्या पानावर घ्यावा. त्यात उत्तर दिशा, चढ-उतार, पाण्याची जागा, मोठे खडक आणि ठळक झाडे दाखवावीत. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा आणि पुढील सर्व नोंदींत तोच क्रमांक वापरावा. नकाशा प्रमाणबद्ध नसला तरी चालतो, मात्र दुसऱ्या माणसाला तो हातात घेऊन त्या झाडापर्यंत पोहोचता आले पाहिजे.

नोंदपट्टी : यावर तडजोड नाही

चित्र असो, ठसा असो वा कापडाचा तुकडा असो, त्याच्यासोबत पुढील माहिती लिहिलेली असलीच पाहिजे : नोंदीचा क्रमांक, दिनांक, ठिकाण (गाव, तालुका, जिल्हा आणि भ्रमणध्वनीवर दिसणारे अक्षांश-रेखांश), अधिवास (खडकाळ उतार, गवताळ माळ, ओढ्याचा काठ इत्यादी), वनस्पतीची उंची व स्वरूप, फुलाचा ताजा रंग, वास, चीक किंवा काटे असल्यास त्यांचा उल्लेख, स्थानिक नाव व ते कोणी सांगितले, आणि नोंद करणाऱ्याचे पूर्ण नाव. चित्रात न येणाऱ्या गुणांना या पट्टीत अधिक जागा द्यावी. बेलाचे पान उजेडासमोर धरले की त्यात तैलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगाळले की वास येतो. या दोन्ही गोष्टी कोणत्याही ठशात उमटत नाहीत, आणि त्रिदलाचेच पान असलेल्या वायवर्णापासून बेल वेगळा ओळखायला त्याच उपयोगी पडतात.

दिनांक इंग्रजी पद्धतीने लिहावा आणि हवा तर त्याच्या शेजारी मराठी महिना लिहावा. अधिक मासामुळे मराठी महिने ऋतूच्या मानाने मागेपुढे सरकतात, त्यामुळे नुसते ‘फाल्गुनात फुलला’ एवढ्या नोंदीवरून दोन वर्षांची तुलना करता येत नाही. पट्टी पेन्सिलने किंवा पाण्याने न पसरणाऱ्या रंगद्रव्ययुक्त शाईने लिहावी. बॉलपेन आणि जेलपेन यांची अक्षरे एका दमट पावसाळ्यात फुटू शकतात.

रेखाटन : सर्वांत सावकाश आणि सर्वांत फलदायी काम

चित्रकला येत नाही म्हणून हा भाग टाळण्याचा मोह अनेकांना होतो, पण वनस्पतीचे नोंदचित्र काढायला चित्रकाराच्या हातापेक्षा मोजमाप करण्याचा संयम अधिक लागतो. एच आणि एचबी या दोन पेन्सिली, दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा गुळगुळीत कागद, मोजपट्टी, कंपासपेटीतील दोन टोकांचा विभाजक आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग एवढ्या साहित्यात काम सुरू करता येते.

पहिले चित्र पळसाचे घ्यावे असे मी आग्रहाने सुचवतो, कारण हे झाड बहुतेकांना ओळखीचे असते आणि त्याचे सर्व अवयव मोठे असतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे, मात्र वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती तीन पाने नसून एका संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. पान नेमके कोठे सुरू होते हे पाहायचे असेल, तर फांदी आणि देठ यांच्या बेचक्यात अंकुर शोधावा. जेथे अंकुर आहे तेथून पान सुरू होते, आणि पर्णिकेच्या बुडाशी असा अंकुर नसतो. ही एक तपासणी अंगवळणी पडली, की कडुनिंब, बहावा, चिंच यांची पाने चित्रात बरोबर उतरू लागतात.

रेखाटनाचा क्रम नाशवंत भागापासून टिकाऊ भागाकडे जाणारा ठेवावा. फूल सर्वांत आधी, मग कळी, मग पाने आणि शेवटी फांदी व साल. पळसाचे एक गळलेले, पण ताजे फूल घेऊन त्याच्या पाकळ्या हळूच सुट्या कराव्यात आणि कागदावर ओळीने मांडाव्यात. एक मोठी ध्वजपाकळी, दोन पंखपाकळ्या आणि एकमेकींना जोडलेल्या दोन नौकापाकळ्या असा पाच पाकळ्यांचा हिशोब लागतो. नौकेच्या आत १० पुंकेसर असतात. त्यांपैकी ९ तळाशी जोडलेले आणि १ सुटा असतो. निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या बुडाशी असलेला पेला, गडद, मखमली लव असलेला दिसतो. हा प्रत्येक अवयव विभाजकाने मोजून खऱ्या आकारात काढावा. मग दुसरे फूल धारदार पात्याने उभे कापून त्याचा छेद काढावा, म्हणजे बीजांडकोश कोठे आहे ते दिसते. अशा एका पानावरून पळसाचे कुळ कोणते हे अभ्यासकाला चटकन सांगता येते, आणि ते पान काढणाऱ्याला शेवरी, पांगारा, गोकर्ण यांच्या फुलांतील नाते आपोआप जाणवू लागते.

पूर्ण फांदी काढताना पानांची मांडणी एकाआड एक आहे की समोरासमोर, देठाच्या बुडाशी उपपर्णे (पानासारखी छोटी अंगे) आहेत का, पानाची कडा अखंड आहे की दातेरी, आणि शिरा कडेपर्यंत जातात की आधीच वळतात हे चार प्रश्न स्वतःला विचारावेत. या प्रश्नांची उत्तरे रेषेत दिसली पाहिजेत. सावलीकाम आणि पार्श्वभूमी नंतर करावी, किंवा मुळीच करू नये. किडीने खाल्लेले पान दिसले तर तसेच काढावे, कारण तीही नोंदच आहे.

चित्राच्या कोपऱ्यात ‘दोनपट मोठे’ असे शब्दांत लिहिण्याऐवजी १ सेंटिमीटरची प्रमाणरेषा ओढावी. चित्राची छायाप्रत लहान-मोठी झाली तरी रेषा त्याच प्रमाणात बदलते आणि मोजमाप खरे राहते. रंगासाठी संपूर्ण चित्र जागेवर रंगवण्याचा अट्टहास करू नये. फुलाचा, पानाच्या वरच्या व खालच्या बाजूचा आणि सालीचा असे छोटे रंगठिपके तेथेच, नैसर्गिक उजेडात, जलरंगाने जुळवून घ्यावेत. छायाचित्रातील रंगावर विसंबून घरी काढलेला जांभळा बहुतेक वेळा फसतो, विशेषतः तामण आणि कारवी यांच्या बाबतीत.

घासठसा आणि शाईठसा

पानाची मागील बाजू वर करून ते सपाट फळीवर ठेवावे, त्यावर पातळ कागद घट्ट धरावा आणि मेणखडूची आडवी कड हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावी. पिंपळ, वड, साग, पळस यांच्या शिरा ठळक असल्याने ठसा लगेच उठतो. पावसाळी वनस्पतींची पाने रसाळ असतात व दाबाने फुटतात, म्हणून ती आधी काही तास वर्तमानपत्रात दाबून ठेवावीत.

घासठशाचे मोठे बलस्थान म्हणजे तो खऱ्या आकाराचाच असतो. दसऱ्याला आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या सर्रास तोडल्या जातात, कारण दोन्ही पाने जोडदळी दिसतात. दोहोंचे ठसे शेजारी लावले की आपट्याचे पान साधारण ५ सेंटिमीटरच्या आतबाहेर आणि लांबीपेक्षा किंचित रुंद, तर कांचनाचे बहुधा त्याच्या दुप्पट, हे लहान मुलालाही दिसते. गणेशोत्सवातील पत्रीबाबतही असेच ठसे करून ठेवले, तर आघाडा, शमी, माका, डोरली यांची ओळख कागदावर पक्की होते, आणि बाजारात भलतीच पाने पत्री म्हणून गळ्यात पडण्याचा प्रकार टळतो. शाळांनी हा उपक्रम भाद्रपदाच्या आधी घ्यावा.

शाईठशासाठी छपाईची शाई काचेवर पातळ पसरवून रुळाने पानाच्या मागील बाजूला लावावी, पान कागदावर ठेवून वरून दुसऱ्या कागदाने झाकावे आणि बोटांनी मधून कडेकडे दाबत जावे. पहिला ठसा सहसा फार काळा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या ठशात बारीक शिरा उमटतात, त्यामुळे तेच जपून ठेवावेत.

काही वनस्पतींना हात लावण्याआधी विचार करावा. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, खाजकुइलीच्या शेंगांवरील लव असह्य खाज आणते आणि बिब्ब्याच्या फळातील तेलाने कातडी भाजते. कळलावी आणि धोत्रा विषारी आहेत. मुलांसोबत काम करताना या वनस्पती फक्त दुरून रेखाटाव्यात.

वाळवलेला नमुना

नमुना दाबण्यासाठी सुमारे ४५ × ३० सेंटिमीटरच्या दोन प्लायवुडच्या फळ्या, वर्तमानपत्रे, पन्हाळी पुठ्ठे आणि बांधायला दोन पट्टे पुरतात. फूल किंवा फळ असलेली फांदी घ्यावी, कारण नुसत्या पानांवरून ओळख पटणे अनेकदा अशक्य होते. दाबताना एक-दोन पाने उलटी ठेवावीत, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. नोंदपट्टीची प्रत त्याच कागदात ठेवावी. पहिले चार-पाच दिवस रोज कागद बदलावेत. पावसाळ्यात तर सकाळ-संध्याकाळ बदलले तरच बुरशी रोखता येते.

वाळलेला नमुना जाड, आम्लरहित कागदावर बसवावा. वनस्पतिसंग्रहालयांतील पत्रक साधारण ४२ × २८ सेंटिमीटरचे असते, आणि तोच आकार घेतल्यास पुढे नमुना एखाद्या संस्थेला देणे सोपे जाते. सेलोटेप कधीही वापरू नये, कारण ती पिवळी पडून सुटते आणि नमुन्याला डाग पाडते. जाड काडी पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी टाके घालून शिवावी आणि गाठ कागदाच्या मागे घ्यावी. शिवणकाम येणाऱ्या हातांना ही कामगिरी द्यावी, कारण वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे टाके पुष्कळदा अधिक नेटके पडतात. कीड मारण्यासाठी नमुना प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर उणे १८ अंश सेल्सियसच्या शीतकपाटात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी.

नमुना किती आणि कशाचा घ्यावा यासाठी एक साधा नियम पाळावा : दृष्टीच्या टप्प्यात त्या जातीची निदान वीसएक झाडे नसतील, तर काहीही तोडू नये. आमरी (ऑर्किड) आणि कंदवर्गीय दुर्मीळ वनस्पतींचे केवळ चित्र काढावे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांत परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारावरही फुले तोडण्यास मनाई आहे. तेथे वही आणि पेन्सिल एवढेच न्यावे.

निळी छायामुद्रा : गवतांसाठी सर्वोत्तम

निळ्या छायामुद्रेची ही सायनोटाइप पद्धत ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी ती समुद्रशैवालांच्या नोंदीसाठी वापरली. माझ्या मते आपल्याकडील गवताळ माळांसाठी याहून योग्य तंत्र नाही. गवतांकडे कोणी लक्ष देत नाही, त्यांची फुले इवलीशी असतात आणि रेखाटनात ती सर्व सारखीच दिसू लागतात, पण त्यांच्या तुऱ्यांची बाह्यरेषा विलक्षण बोलकी असते. कुसळीची लांब, पिळदार कुसळे आणि मारवेलचा बोटांसारखा तुरा निळ्यावर पांढऱ्या रेषेत उमटले, की त्यांत गल्लत होत नाही.

शुद्ध पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट आणि वेगळ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. दोन्ही द्रावणे गडद रंगाच्या वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवावीत. वापरायच्या वेळीच ती समप्रमाणात मिसळावीत. ए-४ आकाराच्या एका कागदाला २ ते ३ मिलिलिटर मिश्रण पुरते. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि फेरिसायनाइडला तीव्र आम्ल किंवा आच लागू देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. मुलांनी द्रावण बनवू नये. मोठ्यांनी लेप देऊन वाळवलेला कागद त्यांच्या हाती द्यावा.

पडदे लावलेल्या खोलीत, मंद पिवळ्या दिव्याखाली, रुंद मऊ कुंचल्याने आधी उभा आणि मग आडवा असा पातळ लेप द्यावा. कागद अंधारात पूर्ण वाळवावा. वाळल्यावर त्याचा रंग पिवळसर हिरवा दिसतो. गवत आधी तासभर वर्तमानपत्रात दाबून घ्यावे, कारण ओलावा असल्यास डाग उमटतात आणि गवत सपाट न बसल्यास कडा धूसर येतात. कागदावर गवत, त्यावर काच आणि खाली फळी अशी रचना करून चारही बाजूंनी चिमट्यांनी घट्ट बसवावी आणि उन्हात ठेवावी. एप्रिलच्या दुपारी ५ ते ८ मिनिटे पुरतात, तर पावसाळी ढगाळ हवेत अर्धा तासही लागू शकतो. म्हणून दरवेळी आधी एका पट्टीवर वेळेची चाचणी घ्यावी. उघडा भाग राखाडी-तपकिरी झाला की वेळ झाली असे समजावे.

मग कागद साध्या पाण्यात धुवावा. पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण १० मिनिटे, पाणी बदलत राहावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी निळा रंग फिका करते, म्हणून तसेच पाणी असेल तर पहिल्या धुण्यात थोडे व्हिनेगर घालावे. रंग पुढील एक-दोन दिवसांत अधिक गडद होतो. नोंदपट्टी छायामुद्रेचाच भाग करायची असेल, तर पारदर्शक प्लास्टिकवर काळ्या शाईने क्रमांक व दिनांक लिहून तो तुकडा गवताशेजारी ठेवावा, म्हणजे अक्षरे चित्रातच पांढरी उमटतात आणि पट्टी हरवण्याचा प्रश्न उरत नाही.

गोधडी : सामूहिक नोंद

हेच द्रावण धुऊन खळ काढलेल्या सुती कापडावर चालते, फक्त ते कागदापेक्षा अधिक लागते. २० × २० सेंटिमीटरचे ३६ चौकोन केले, तर सहा बाय सहाची, सुमारे १२० सेंटिमीटर रुंद व तितकीच लांब अशी गोधडी होते आणि तिच्यात त्या जागेतील ३६ वनस्पती नांदतात. बचत गट, शाळेचा पालकवर्ग किंवा वाड्यातील शेजारणी यांना एकत्र आणण्यासाठी हा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. गोधडी शिवताना माणसे बोलतात, आणि ‘हे तर आमच्याकडे भाजीला घेतात’ किंवा ‘याची पाने गुरे खात नाहीत’ यांसारखी माहिती, जी प्रश्नावलीला कधी मिळत नाही, ती सहज बाहेर येते. म्हणून एकाने शिवणकामापासून मोकळे राहून फक्त लिहिण्याचे काम करावे.

प्रत्येक चौकोनावर क्रमांक, स्थानिक नाव आणि महिना-वर्ष धावदोऱ्याने किंवा साखळी टाक्याने भरावे. नोंदवहीतील क्रमांक आणि कापडावरील क्रमांक एकच असावा. चौकोनांची मांडणी ऋतूंप्रमाणे केली, म्हणजे वरच्या ओळींत उन्हाळ्यातील पळस-बहावा, मधल्या ओळींत पावसाळी वनस्पती आणि खाली हिवाळ्यातील गवते घेतली, तर गोधडी वाचताही येते. भरतकाम करणारीने झाडाच्या बाह्यरेषेत बदल करू नये, ही एकच अट घालावी. किनार आणि रंगीत ठिगळे यांत तिला पूर्ण मोकळीक असावी, आणि मागील बाजूस तिचे नाव भरलेले असावे. धुण्याचा सोडा आणि क्षारयुक्त पावडर या निळ्या रंगाला मारक आहेत, म्हणून गोधडी रिठ्याच्या पाण्यात हलकेच धुवावी आणि सावलीत वाळवावी.

रंगाची नोंद

झाड कोणता रंग देते ही माहितीही त्या जागेच्या ज्ञानाचा भाग आहे. सुती कापडाचा छोटा तुकडा स्वच्छ धुऊन त्याच्या वजनाच्या १५ टक्के हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात रात्रभर भिजवावा, वाळवावा, मग तितक्याच प्रमाणातील तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर ठेवावा. पळसाची गळलेली फुले वाळवून, कापडाच्या वजनाइतकी घेऊन उकळली, की पिवळा-केशरी रंग मिळतो. पारिजातकाच्या केशरी देठांपासूनही पिवळसर रंग येतो. लोखंडी खिळे व गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून केलेले पाणी वापरले, तर हिरडा लावलेल्या कापडावर करडी-काळी छटा येते. कापडाचे अर्धे तुकडे अंधारात ठेवावेत व अर्धे महिनाभर उन्हात टांगावेत, आणि दोन्ही वहीत शेजारी चिकटवावेत. टिकणारा रंग आणि उडून जाणारा रंग यांतील फरक कळण्यासाठी एवढी चाचणी पुरते.

वर्षपट्टी

नकाशावरील पाच झाडे निवडून त्यांच्यासाठी लांब कागदाची घडीची पट्टी करावी आणि तिचे ५२ भाग पाडावेत. दर आठवड्याला ठरलेल्या वारी प्रत्येक झाडासाठी फक्त चार खुणा कराव्यात : पानगळ, नवी पालवी, फूल, फळ. खूण म्हणून रंगठिपका द्यावा, आणि तो त्या दिवशीच्या खऱ्या पानाच्या किंवा फुलाच्या रंगाचा असावा. वर्षाअखेरीस पळसाची पट्टी हिरव्याकडून उघड्या फांद्यांच्या करड्याकडे, मग केशरीकडे आणि पुन्हा हिरव्याकडे जाताना दिसते. झाड सुने दिसले तरी आठवडा गाळू नये, कारण ‘काही नाही’ ही नोंद पुढील वर्षीच्या तुलनेसाठी तितकीच लागते. कारवीसारखी साधारण ७ वर्षांनी एकदाच फुलणारी वनस्पती जागेत असेल, तर तिच्यासाठी वेगळी पट्टी सुरू करून ती पुढच्या व्यक्तीच्या हाती सोपवण्याची तयारी ठेवावी.

माणसांकडून मिळालेले ज्ञान, आणि संग्रहाचे जतन

स्थानिक नाव किंवा औषधी उपयोग सांगणाऱ्या व्यक्तीला ही माहिती कोठे लिहिली जाणार आहे हे आधी स्पष्ट सांगावे, तिची संमती घ्यावी आणि तिला मान्य असल्यासच नाव नोंदवावे. औषधी उपयोग लिहिताना ‘अमुक गावात असे सांगतात’ एवढेच लिहावे. प्रमाण व सेवनपद्धती यांचा सल्ला देऊ नये. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमल्या जातात आणि त्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित असते. आपल्या वहीची प्रत या समितीला द्यावी. दुर्मीळ आमरी किंवा कंदांचे नेमके अक्षांश-रेखांश मात्र सार्वजनिक प्रतीत देऊ नयेत. तेथे फक्त तालुक्याचे नाव ठेवावे आणि अचूक ठिकाण मूळ वहीत राहू द्यावे.

सर्व पत्रके उभी न ठेवता आडवी, हवाबंद खोक्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि पावसाळ्यात दर महिन्याला कसर व बुरशीसाठी तपासावीत. छायामुद्रा थेट उन्हात टांगू नयेत. प्रत्येक पत्रकाची ६०० बिंदू प्रति इंच या दर्जाची संगणकीय प्रत काढून ती दोन वेगळ्या ठिकाणी जपावी.

ओळख पटवण्यासाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह येथे पूर्वपरवानगीने नमुन्यांशी तुलना करता येते. ओळख पटेपर्यंत शास्त्रीय नावाची जागा कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये. पुढे एखाद्या जाणकाराने वेगळे नाव सुचवले, तर आधीचे नाव खोडू नये. नवे नाव, सुचवणाऱ्याचे नाव आणि दिनांक लिहिलेली वेगळी छोटी चिठ्ठी जुन्या पट्टीच्या वर चिकटवावी, म्हणजे तिसऱ्या अभ्यासकाला दोन्ही मते पाहून निर्णय घेता येईल.